तोड झाली, पण जंगल गेलं का? दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातला बदल उपग्रहचित्रांवरून मोजण्याची रीत

कोकणात डोंगर बोडका दिसला म्हणजे जंगल संपलं असं समजायचं नसतं. सिंधुदुर्गात मालकीचं रान ठेकेदाराला तोडीला दिलं जातं. पाऊस पडला की ऐन-किंजळीच्या खुंटांना धुमारे फुटतात आणि काही वर्षांनी तेच रान पुन्हा तोडीला येतं. शेजारचा डोंगर मात्र लांबून चांगला गच्च हिरवा दिसतो, आणि जवळ गेल्यावर कळतं की ते रबर आहे. उपग्रहाच्या दोन चित्रांची नुसती वजाबाकी केली तर पहिला डोंगर नकाशात लाल होतो आणि दुसरा सुटतो. खरं नुकसान दुसरीकडे झालेलं असतं.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या मोजायच्या. एक मोडतोड: तोड, वणवा, कवळतोड (भाताच्या रोपांची जमीन भाजायला फांद्या तोडणं). तिला तारीख असते आणि तिच्यानंतर रान सावरू शकतं. दुसरा भूआवरणातला बदल: जंगलाच्या जागी काजू, रबर, अननस, चिरेखाण, रस्ता. हा बदल झाला की नाही हे तोडीच्या वर्षी कळत नाही, पुढची चार-पाच वर्षं बघितल्यावरच कळतं. खालची सगळी पद्धत या फरकासाठी आहे. ती दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुके डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. बाकी सह्याद्रीत वापरताना तारखा आणि उंबरठे बदलावे लागतील.

आधी काय हवं

गुगल अर्थ इंजिनचं विनाव्यावसायिक खातं, क्यूजीआयएस (नकाशे हाताळायचं सॉफ्टवेअर) आणि संगणकावर गुगल अर्थ प्रो. तिन्ही फुकट. जड गणित अर्थ इंजिनच्या सर्व्हरवर होतं, त्यामुळे आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो.

क्षेत्राची हद्द शक्यतो पाणलोटाची घ्या, तालुक्याची लागलीच तर दुसरी फाइल करा. क्षेत्रफळ काढण्याआधी सगळे थर एकाच प्रक्षेपणात (मीटरमध्ये मोजणाऱ्या सपाट नकाशा-पद्धतीत) आणा: सिंधुदुर्गासाठी यूटीएम विभाग ४३ उत्तर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा संकेतांक ईपीएसजी ३२६४३. हाच विभाग ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत चालतो. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीला ४४ उत्तर लागतो, तिथे हाच आकडा डोळे मिटून चिकटवू नका. अक्षांश-रेखांशातल्या फाइलवर थेट क्षेत्रफळ काढणं ही नवख्यांची नेहमीची चूक. उत्तर चौरस अंशात येतं आणि मग कुणीतरी त्याला अंदाजाने गुणतं.

जंगल म्हणजे काय, हे लिहून ठेवा

हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि तेच सगळे टाळतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या द्वैवार्षिक अहवालात एक हेक्टर किंवा अधिक जमिनीवर १० टक्के किंवा अधिक छत्र (वरून दिसणारं फांद्या-पानांचं आच्छादन) असलं की ते वनावरण धरलं जातं. मालकी कुणाची आणि झाड कुठलं याला तिथे महत्त्व नाही. म्हणजे काजूची बाग, रबराचा मळा, आंब्याची जुनी कलमं हेही वनावरणात येतं. त्या व्याख्येत काही चूक नाही, पण ती तुमच्या प्रश्नाची व्याख्या नाही. जंगल तोडून रबर लावलं आणि पाच-सहा वर्षांत छत्र मिटलं, म्हणजे फांद्या एकमेकींना भिडल्या, की त्या हिशोबात जमाखर्च पुन्हा शून्यावर येतो.

जगभराचा वार्षिक वृक्षआवरण-घट दाखवणारा ३० मीटरचा थर सगळे उतरवतात, त्याचीही गत तीच. पाच मीटरहून उंच कुठलीही झाडी त्यात 'आवरण' असते, म्हणून जुनं रबर तोडून नवं लावलं तरी तिथे घट दिसते. शिवाय त्याची मोजणीची पद्धत मधल्या वर्षांत सुधारली गेली, त्यामुळे आधीच्या दशकाची आणि नंतरच्या दशकाची घट सरळ शेजारी ठेवू नका. कुठे बघायचं याचा पहिला इशारा म्हणून तो थर चांगला. आकडा म्हणून नको.

स्वतःचा जंगल-थर बनवा. आधारवर्षाच्या चित्रावर सहा वर्ग पुरतात: सदाहरित आणि निमसदाहरित, पानगळी, लागवड, सडा (जांभ्याचं उघडं पठार) आणि गवत, शेती, पाणी. प्रत्येक वर्गाचे ६० ते १०० नमुने गुगल अर्थवर डोळ्यांनी ओळखून घ्या आणि रँडम फॉरेस्टने (नमुन्यांवरून शिकणारी संगणकीय पद्धत) वर्गीकरण करा. सड्याचे नमुने भरपूर ठेवा. जांभ्याचा सडा पावसाळ्यात हिरवागार आणि डिसेंबरात तांबूस-पिवळा असतो, नवख्या नकाशात तो हमखास 'तोडलेलं जंगल' म्हणून येतो. तो कधीच जंगल नव्हता.

कुठली चित्रं, कुठल्या तारखांची

२०१९पासून पुढचा काळ असेल तर सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं घ्या. दर पाच दिवसांनी चित्र, दृश्य आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यात १० मीटर, लघुतरंग अवरक्तात २० मीटर. त्याआधीचा काळ हवा असेल तर लॅण्डसॅट, ३० मीटर, एका उपग्रहाचं दर १६ दिवसांनी एक चित्र. लॅण्डसॅटमध्ये दोन खड्डे आहेत. लॅण्डसॅट ७च्या चित्रांत ३१ मे २००३पासून काळे पट्टे पडतात, आणि लॅण्डसॅट ५ची नेहमीची चित्रं नोव्हेंबर २०११मध्ये थांबली. म्हणजे तिथपासून २०१३च्या एप्रिलपर्यंत हातात फक्त पट्टेवाली चित्रं आहेत. २०१२चा हिवाळा आधारवर्ष म्हणून कधीच निवडू नका.

आता तारखा. या पट्ट्यात संपूर्ण वर्षाच्या चित्रांचा मध्यक (मधलं मूल्य) काढणं म्हणजे ढग, पानगळ आणि गवत यांची खिचडी. जून ते सप्टेंबर ढग असतात. फेब्रुवारीपासून ऐन, किंजळ पान टाकतात आणि पानगळी रान तोडल्यासारखं दिसतं. मार्च-एप्रिलला वणव्याचे काळे डाग. मधली जागा १० नोव्हेंबर ते २० डिसेंबर. परतीचा पाऊस संपलेला असतो, पान झाडावर असतं, गवत वाळायला लागलेलं असतं. सेंटिनेलची या चाळीस दिवसांत सातआठ चित्रं मिळतात, ढग वगळून चार-पाच कामाची.

ही मुदत जानेवारीपर्यंत ओढायचा मोह होतो, कारण जानेवारीचं आकाश स्वच्छ असतं. ओढू नका. रबर डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान पान गाळतं आणि महिनाभरात पुन्हा पालवतं. एका वर्षीचं चित्र २५ नोव्हेंबरचं आणि दुसऱ्या वर्षीचं १० जानेवारीचं असेल, तर न तोडलेला रबराचा मळा 'तोड' म्हणून नकाशात येतो. हीच खोड नंतर आपल्या उपयोगाला येते, ते पुढे.

ढग काढताना सेंटिनेलच्या दृश्य-वर्गीकरण थरातले ३, ८, ९, १० हे वर्ग वगळा: ढगाची सावली, ढग असण्याची मध्यम आणि जास्त शक्यता, विरळ सायरस (उंचावरचे पातळ ढग). लॅण्डसॅटच्या गुणवत्ता थरात बिट १ ते ४. सेंटिनेलची २५ जानेवारी २०२२नंतरची चित्रं १००० अंकांनी सरकलेली आहेत. अर्थ इंजिनमध्ये 'हार्मोनाइज्ड' नावाचा संच घेतला की ते आपोआप दुरुस्त होतं, जुना संच घेतला तर २०२२ साली सगळा तालुका एका रात्रीत बदललेला दिसेल. लॅण्डसॅट संकलन २मध्ये प्रत्येक मूल्याला ०.००००२७५ने गुणून ०.२ वजा करायचं असतं. ते विसरलात तर निर्देशांक (पट्ट्यांच्या मूल्यांवरून काढलेला आकडा) येतो, पण चुकीचा. चूक कुठेही ओरडून सांगत नाही, हीच तिची अडचण.

प्रत्येक पिक्सेलला किती स्वच्छ चित्रं मिळाली याचा थर वेगळा साठवा. तीनपेक्षा कमी असतील तिथे 'माहिती नाही' लिहा.

एनडीव्हीआय नको, एनबीआर घ्या

तोडलेल्या जागी एका पावसात रानमोडी हे तण उगवतं आणि छातीपर्यंत जातं. एनडीव्हीआय हा निर्देशांक हिरवेपणा मोजतो, त्यामुळे नोव्हेंबरात तो जवळपास पूर्वपदावर आलेला असतो. एनबीआर लघुतरंग अवरक्त वापरतो, आणि त्या पट्ट्यात पानातलं पाणी, छत्रातल्या थरांची सावली आणि उघडी माती यांचा फरक कळतो. सूत्र सोपं आहे: जवळचा अवरक्त वजा लघुतरंग अवरक्त-२, भागिले त्या दोघांची बेरीज. सेंटिनेलमध्ये पट्टे ८ए आणि १२, दोन्ही २० मीटरचे. लॅण्डसॅट ८ आणि ९मध्ये ५ आणि ७, लॅण्डसॅट ५ आणि ७मध्ये ४ आणि ७.

दाट सदाहरित रानाचं मूल्य नोव्हेंबरात साधारण ०.६च्या वर असतं, ताज्या तोडीचं किंवा उघड्या सड्याचं ०.२च्या खाली. आधीच्या वर्षातून नंतरचं वजा करा. फरक धन आला तर छत्र कमी झालं.

उंबरठा, म्हणजे किती फरकाला तोड म्हणायचं तो आकडा, किती ठेवायचा? वणव्याची तीव्रता ठरवणारे ०.२७, ०.४४ असे आकडे सगळीकडे फिरत असतात. ते उत्तर अमेरिकेतल्या आगींवरून आलेले आहेत, इथे उचलून लावू नका. त्याऐवजी गुगल अर्थवर तारखेसह पक्क्या दिसणाऱ्या ३० तोडी आणि हात न लागलेल्या ३० जागा शोधा. न हललेल्या जागांसाठी देवराया उत्तम. दोन्हींच्या फरकांचे आलेख एकावर एक ठेवा आणि जिथे ते कमीत कमी मिसळतात तिथे रेघ मारा. सुरुवातीला ०.१५ ते ०.२५च्या दरम्यान शोधा. सदाहरित आणि पानगळी रानासाठी वेगळे उंबरठे ठेवलेले बरे.

देवरायांचा आणखी एक उपयोग. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई केली, त्यामुळे 'मनाईच्या आधी आणि नंतर' अशी तुलना सगळ्यांनाच करायची असते. नेमकं त्याच वर्षी लॅण्डसॅट ८ सुरू झाला आणि सेन्सर बदलला. नव्या सेन्सरचे पट्टे किंचित वेगळे आहेत. मनाईचा परिणाम मोजताय की सेन्सरचा, हे तपासायला दहा-बारा देवरायांच्या आतल्या भागाचा सरासरी एनबीआर दोन्ही काळांत काढा. देवराईत बदल नसताना आकडा ०.०३पेक्षा जास्त सरकला असेल तर आधी दोन्ही सेन्सर जुळवणारे गुणक लावा, मगच पुढे जा.

घाटाच्या उतारांवर अजून एक फसवणूक असते. उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो आणि डिसेंबरात सूर्य तेव्हा आग्नेयेला, खाली असतो. वायव्येकडे तोंड असलेले कडे सावलीत राहतात. गुणोत्तरामुळे बरीचशी सावली कटते, पण खोल घळीत नाही. उंचीच्या ३० मीटर नकाशावरून सावलीचा थर काढून तो भाग वेगळा ठेवा.

शेवटी साफसफाई. पाचपेक्षा कमी जोडलेले २० मीटरचे पिक्सेल, म्हणजे ०.२ हेक्टरपेक्षा लहान तुकडे, काढून टाका. लॅण्डसॅटसाठी सहा पिक्सेल, ०.५४ हेक्टर. यापेक्षा बारीक जे असेल, उदाहरणार्थ एकेक मोठं झाड काढणं किंवा तरवा भाजायला केलेली कवळतोड, ते या पद्धतीत दिसत नाही. अहवालात हे स्पष्ट लिहा.

तोडीनंतर तिथे काय झालं

इथे वेळ घाला. प्रत्येक तुकड्याचा तोडीच्या आधीची दोन आणि नंतरची पाच वर्षं असा एनबीआरचा आलेख काढा.

धुमाऱ्यांवर परत येणारं रान पहिल्या वर्षी खाली जातं आणि दुसऱ्या वर्षापासून सरळ चढतं. खुंटाची मुळं शाबूत असतात, त्यामुळे वाढ जोमदार असते. चौथ्या-पाचव्या वर्षी ते जुन्या मूल्याच्या बरंच जवळ येतं. मूल्य जवळ आलं म्हणजे जंगल जुनं झालं असं नाही, हे वाचणाऱ्याला सांगा. बारीक धुमाऱ्यांची दाटी आणि जुने वृक्ष यात एनबीआर फार फरक करत नाही.

काजू सावकाश चढतो, कारण पहिली काही वर्षं बेणणी होते आणि झाडांमध्ये माती उघडी असते. लागवड सात-आठ मीटर अंतरावर असते, हेक्टरी दीडशे-दोनशे झाडं. गुगल अर्थवर ठिपक्यांच्या सरळ ओळी दिसल्या की शंका उरत नाही. आलेख तीनचार वर्षं खालीच रेंगाळतो.

रबर ओळखायला तीन खुणा. पहिल्या वर्षी समपातळीत कोरलेल्या पायऱ्या, वरून बोटांच्या ठशासारख्या दिसतात. मग पाच-सहा वर्षांत मिटणारं, एकसारख्या पोताचं छत्र. तिसरी खूण आधी सांगितलेली पानगळ: डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत प्रत्येक स्वच्छ चित्राचा एनबीआर ओळीने लावा. रबराचा आलेख इंग्रजी 'व्ही'सारखा झपकन खाली जाऊन वर येतो. सदाहरित रान जवळपास सपाट राहतं, ऐन-किंजळीचं रान खाली जातं आणि बराच काळ खालीच राहतं. मळ्यात पहिली काही वर्षं अननस किंवा केळी असेल तर मात्र ही खूण छत्र मिटेपर्यंत चालत नाही, तोवर पायऱ्यांवर भिस्त ठेवा.

चिरेखाण सर्वांत सोपी. कोपरे काटकोनात, रंग तांबडा, आणि आलेख पडला की उठत नाही.

वणव्याचा डाग फेब्रुवारी ते मेमध्ये येतो आणि पावसाळ्यानंतर बहुतेक वेळा पुसला जातो, कारण इथली आग जमिनीवरचा पाला आणि गवत जाळते, छत्र क्वचित. त्यामुळे नोव्हेंबरच्या जोडीत ती दिसणारच नाही. वणवे मोजायचे असतील तर मार्च-एप्रिलची वेगळी जोडी करा आणि ३७५ मीटरच्या व्हिआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाच्या आग-बिंदूंशी ताडा. बिंदू म्हणजे त्या चौकोनात कुठेतरी आग, नेमकी जागा नव्हे.

पिक्सेल मोजून आकडा सांगू नका

नकाशावरचे लाल पिक्सेल मोजले आणि 'इतके हेक्टर तोड' म्हणून छापलं, की काम वाया गेलं. नकाशात चुका असतात आणि त्या दोन्ही बाजूंना सारख्या नसतात. नमुना-बिंदू घेऊन दुरुस्ती करायची. एक काल्पनिक उदाहरण सोडवून बघू.

समजा क्षेत्र १०,००० हेक्टर. नकाशा म्हणतो ५०० हेक्टर तोड, ९,५०० स्थिर. तोडीच्या वर्गात १०० आणि स्थिर वर्गात ३०० बिंदू यादृच्छिक टाकले. नकाशा झाकून, फक्त जुनी चित्रं आणि आलेख बघून प्रत्येक बिंदू तपासला. तोडीतल्या १००पैकी ८० खरे निघाले. स्थिर मानलेल्या ३००पैकी ६ ठिकाणी प्रत्यक्षात तोड होती. आता दुरुस्त क्षेत्र: ५००चे ८० टक्के म्हणजे ४००, अधिक ९,५००चे २ टक्के म्हणजे १९०. एकूण ५९० हेक्टर. प्रमाणित चूक (नमुन्यामुळे येणारी अनिश्चितता) सुमारे ८० हेक्टर येते, म्हणून ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण १५६ हेक्टर इकडे-तिकडे.

ते सहा बिंदू नीट बघा. स्थिर वर्गातला प्रत्येक बिंदू जवळपास ३२ हेक्टरांचं ओझं उचलतो. एक बिंदू चुकीचा वाचलात तर उत्तर ३२ हेक्टरांनी हलतं. म्हणून स्थिर वर्गात कंजूषी करू नका, आणि प्रत्येक बिंदू दोघांनी स्वतंत्रपणे वाचावा. मतभेद झालेले बिंदू वगळायचे नाहीत, तिसऱ्याकडून सोडवून घ्यायचे. सुटलेल्या तोडी बहुधा पकडलेल्या तोडींच्या कडेलाच असतात. लाल तुकड्यांभोवती ६० मीटरचं कडं हा तिसरा वर्ग केला तर बरेचसे सुटलेले बिंदू तिथे सापडतात आणि मर्यादा आकसते. रस्त्यालगतचे, 'जाऊन बघता येतील' असे बिंदू निवडणं मात्र साफ नको. तोड रस्त्यालगतच जास्त असते.

गुगल अर्थवरची जुनी चित्रं कधीकधी दहा-पंधरा मीटर सरकलेली असतात. रस्त्याचा तिठा किंवा धरणाची भिंत अशी न हलणारी खूण धरून आधी तपासा.

रानात जाऊन

पन्नासएक बिंदूंवर प्रत्यक्ष जायला हवं. राखीव वनात आणि तिलारी संवर्धन राखीवात वनविभागाची लेखी परवानगी, मालकीच्या रानात मालकाची. दोडामार्गात हत्ती फिरतात, निघण्याआधी त्या बीटच्या वनरक्षकाला फोन करून मगच गाडी काढा.

प्लॉट ०.१ हेक्टरचा, बाजू ३१.६२ मीटर. दोरीने चौकोन आखत बसण्यापेक्षा मध्यबिंदूपासून ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य अशा चार दिशांना २२.३६ मीटर मोजा, कोपरे मिळतात. उतारावर टेप जमिनीला टेकवून मोजायचा नाही, आडवा ताणायचा, नाहीतर प्लॉट लहान होतो. छातीच्या उंचीवर, १.३७ मीटरवर, ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेर असलेलं प्रत्येक झाड नोंदवा. मध्यबिंदूवर आणि चार कोपऱ्यांवर आरशाच्या डेन्सिओमीटरने छत्र मोजा. दाट छत्राखाली मोबाइलचं जीपीएस दहा मीटर सहज चुकतं, म्हणून मध्यबिंदूवर पाच मिनिटं थांबून सरासरी घ्या.

सर्वांत मोलाची नोंद खुंटांची. किती खुंट, कुठल्या जातीचे, प्रत्येकाला किती धुमारे, सर्वांत जाड धुमाऱ्याचा घेर किती. खुंट उपटलेले किंवा जेसीबीने उखडलेले असतील तर रान परत यायचं नाही, मग वरून कितीही हिरवं दिसो. ही एक ओळ उपग्रह कधीच देणार नाही. रानमोडीचं आच्छादन टक्क्यांत लिहा. तोड कोणत्या सालची हे गावात विचारा, पण सण-पावसाच्या संदर्भाने विचारा. 'किती वर्षं झाली' या प्रश्नाला उत्तर नेहमी गोल आकड्यात येतं.

आणि सर्व्हे नंबर. गावनकाशाचा थर उपग्रहचित्रावर टाकला की कुणाच्या जमिनीत तोड झाली हे दिसल्यासारखं वाटतं. डोंगरी भागात हे नकाशे कित्येक मीटर, कधी एका हिश्श्याच्या रुंदीइतके सरकलेले सापडतात. तेवढ्यावरून कुणाचं नाव घेऊ नका. बिंदू, तारीख, तुकड्याचं क्षेत्र आणि विश्वासमर्यादा द्या, हद्द मोजणी करणाऱ्यांवर सोडा.